गप्प झालेलं जनुक तपासायचं कसं? क्रोमॅटिनवर पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

तुम्ही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. कालिन्याला विद्यानगरीत, कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, पवईच्या आयआयटीत, परळला किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कुठेतरी प्रोजेक्ट मिळाला आहे आणि गाइडनी सांगितलंय, 'हे जनुक या पेशीत बंद का आहे ते बघा.' हा लेख तुमच्यासाठी आहे. क्रोमॅटिनचं, म्हणजे डीएनए आणि त्याला बांधणाऱ्या प्रथिनांचं, काम मी मुंबईतच शिकले. पेपर ढीगभर मिळतात, प्रोटोकॉलही मिळतात. पण कुठला प्रयोग कशाच्या आधी करायचा आणि कुठल्या निकालावरून काय म्हणता येतं, हे एका जागी कुणी सांगत नाही. ते इथे सांगते.

१. तीन प्रश्न वेगळे करा

माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटर रुंदीच्या केंद्रकात मावतो. डीएनएच्या साधारण १४७ बेस-जोड्या आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती दोनाहून थोडे कमी वेढे घेतात. हा झाला न्यूक्लिओसोम. अशी कोट्यवधी एककं आणि त्यांना चिकटलेली इतर प्रथिनं मिळून क्रोमॅटिन होतं. ते सगळीकडे सारखं नसतं. एमिल हाइट्झ यांनी १९२८ साली मॉसच्या पेशींमध्ये पाहिलं, की विभाजन संपल्यावरही गुणसूत्रांचे काही भाग गडदच राहतात. त्यांना त्यांनी हेटेरोक्रोमॅटिन म्हटलं.

या गडद भागाचा जनुक गप्प होण्याशी काय संबंध, हे हर्मन म्युलर यांच्या १९३० सालच्या फळमाश्यांनी दाखवलं. क्ष-किरण दिलेल्या काही माश्यांचे डोळे लाल-पांढरे ठिपकेदार निघाले. डोळ्याला लाल रंग देणारं जनुक शाबूत होतं. पण गुणसूत्राची मोडतोड होऊन ते हेटेरोक्रोमॅटिनच्या शेजारी जाऊन पडलं होतं, आणि त्यामुळे काही पेशींत चालू तर काहींत बंद होतं. बिघाड जनुकात नव्हता, त्याच्या शेजारात होता.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर धरतो तो बघा. ते पिठ्या ढेकूण. या किड्यांच्या नरांमध्ये बापाकडून आलेला अख्खा गुणसूत्रसंच गर्भावस्थेतच घट्ट होतो आणि जवळजवळ पूर्ण गप्प होतो. मादीत तसं होत नाही, तिच्यात दोन्ही संच चालू राहतात. मला हा किडा कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा मोलाचा वाटतो. एका जनुकाचं नव्हे, अर्ध्या जीनोमचं दमन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एका गडद गोळ्याच्या रूपात दिसतं.

आता तीन प्रश्न. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला: जनुक खरंच बंद आहे का? याचं उत्तर आरएनए मोजून मिळतं.
दुसरा: त्या जागी क्रोमॅटिनवर कुठल्या रासायनिक खुणा आहेत? याचं उत्तर चिप प्रयोगातून (खुणेच्या अँटिबॉडीने क्रोमॅटिनचे तुकडे ओढून त्यातला डीएनए मोजणं) मिळतं.
तिसरा: केंद्रकात ते जनुक कुठे बसलंय आणि कुणाशेजारी? याचं उत्तर फिश (चमकणाऱ्या प्रोबने जनुकाची जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) किंवा हाय-सी (डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ आहेत याचा नकाशा) देतं.

ही तिन्ही उत्तरं बऱ्याचदा हातात हात घालून येतात, आणि इथेच नवखा माणूस फसतो. एकाचं उत्तर मिळालं की उरलेली दोन तो गृहीत धरतो. केंद्रकाच्या कडेला, लॅमिन प्रथिनांच्या जाळीला टेकलेले क्रोमॅटिनचे पट्टे बहुतेक गप्प असतात हे खरं आहे. २००८ साली माणसाच्या फायब्रोब्लास्टमध्ये असे १३०० हून अधिक पट्टे मोजले गेले. पण त्याच वर्षी काही गटांनी जनुकं मुद्दाम ओढून कडेला बांधून पाहिली, तेव्हा काही दबली आणि काही खुशाल चालू राहिली. रात्री वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या दंडपेशींत तर सगळं उलटंच असतं: हेटेरोक्रोमॅटिन मध्यभागी आणि चालू भाग कडेला. म्हणून 'कडेला आहे, म्हणजे बंद आहे' असं वाक्य तुमच्या अहवालात येता कामा नये.

२. खुणांची ओळख करून घ्या

तुमचं काम मुख्यतः दोन खुणांशी पडेल. दोन्ही एच-३ या हिस्टोनच्या शेपटीवर असतात: ९व्या लायसिनवर तीन मिथाइल गट, आणि २७व्या लायसिनवर तीन मिथाइल गट. पुढे मी यांना नुसतं के-९ आणि के-२७ म्हणते.

के-९ ही पक्क्या बंदोबस्ताची खूण. सेंट्रोमिअरच्या आसपासचे पुनरावृत्त भाग, ट्रान्सपोझॉन, झिंक-फिंगर जनुकांचे पुंजके इथे ती सापडते. एचपी-१ हे प्रथिन ती ओळखून तिथे बसतं आणि खूण लावणारं एन्झाइम आणखी जवळ आणतं. त्यामुळे खूण शेजारच्या न्यूक्लिओसोमवर पसरत जाते. म्युलरच्या माशीच्या डोळ्यात हेच चाललं होतं, पण त्यामागचं रसायन कळायला २००० आणि २००१ साल उजाडावं लागलं.

के-२७ पॉलिकोम्ब गटाची. पीआरसी-२ या संकुलातलं ईझेडएच-२ हे एन्झाइम ती लावतं. हॉक्ससारखी विकासाची जनुकं नको त्या पेशीत या खुणेखाली झाकून ठेवलेली असतात. वेळ आली की हे झाकण उघडू शकतं. यांशिवाय डीएनएवरचं मिथिलेशन आणि हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट काढले जाणं हेही आहेच, पण पहिल्या प्रोजेक्टमध्ये सगळं ओढवून घेऊ नका. एक जनुक, एक खूण, दोन पेशीप्रकार एवढं सहा महिन्यांना पुरून उरतं.

३. कागदपत्रं आणि सामान

कागद आधी. प्रवेशाची परवानगी मिळायला प्रयोगापेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

- कॉलेजचं बोनाफाइड आणि विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र
- गुणपत्रिकांच्या प्रती, आधार, फोटो. काही संस्थांत पोलीस पडताळणी मागतात, ती सर्वांत आधी सुरू करा.
- माणसाचं ऊतक किंवा रक्त वापरणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, आणि स्वतःसाठी हिपॅटायटिस-बीची लस
- क्रिस्पर किंवा कुठलंही रिकॉम्बिनंट काम असेल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी. ती सहसा गाइडच्या नावावर असते, पण तुमचं काम तिच्यात बसतं का हे स्वतः विचारा.

सामानात: मिथेनॉल नसलेलं फॉर्मल्डिहाइड, ग्लायसिन, प्रोटिएज इन्हिबिटर, प्रथिन-ए/जी चुंबकी मणी, सोनिकेटर, खुणेची अँटिबॉडी, एकूण एच-३ ची अँटिबॉडी, साधी आयजीजी (कुठलीही खूण न धरणारी अँटिबॉडी, तुलनेसाठी), आणि क्यूपीसीआर मशीनवर तुमच्या नावाची वेळ. पेशी शक्यतो पुण्याच्या एनसीसीएसमधल्या राष्ट्रीय भांडारातून आलेल्या, ओळख पटलेल्या घ्या. शेजारच्या लॅबमधून आणलेल्या फ्लास्कवर काम सुरू करावं लागलंच, तर आधी मायकोप्लाझ्माची तपासणी करा.

४. पिपेट हातात घ्यायच्या आधी ब्राउझर उघडा

हे काम लोकलमध्ये बसूनही होतं आणि फुकट होतं. यूसीएससी जीनोम ब्राउझरवर तुमचं जनुक उघडा. एन्कोड या सार्वजनिक माहितीसाठ्यातले के-२७ आणि के-९ चे ट्रॅक चालू करा, तुमचीच किंवा जवळची पेशी निवडा. डोंगर कुठे आहे, किती रुंद आहे ते पाहा. के-२७ चा पट्टा अनेकदा अख्खं जनुक व्यापतो, एकाच टोकदार शिखराची वाट पाहू नका. मग फोरडी न्यूक्लिओमच्या पोर्टलवर हाय-सीचा नकाशा बघा: जनुक 'ए' कप्प्यात आहे की 'बी' कप्प्यात. हे दोन कप्पे २००९ साली पहिल्यांदा दाखवले गेले. 'ए' मध्ये प्रामुख्याने चालू भाग एकमेकांशी संगत ठेवतात, 'बी' मध्ये गप्प भाग.

सापळा: मानवी जीनोमच्या एचजी१९ आणि एचजी३८ या दोन आवृत्त्यांमधले पत्ते जुळत नाहीत. जुन्या पेपरातला पत्ता नव्या ब्राउझरवर टाकून प्रायमर काढले, तर ते भलत्याच जागी बसतील. पत्त्याशेजारी आवृत्ती लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

५. जनुक खरंच बंद आहे का?

आरएनए काढा, डीएनेझ द्या, सीडीएनए करा, क्यूपीसीआर लावा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब सोबत हवीच. तिच्यात सिग्नल आला तर तुम्ही जीनोमिक डीएनए मोजताय. आणखी एक लक्षात घ्या: आरएनए कमी दिसला याचा अर्थ तो बनतच नाही असा नाही, तो बनून लगेच तुटतही असेल. इंट्रॉनवर प्रायमरची एक जोडी ठेवली, तर नुकता बनलेला आरएनए मोजता येतो. ही जोडी स्वस्त आहे आणि नंतरचे बरेच वाद वाचवते.

जनुक बंद नसेल, तर पुढच्या पायऱ्या चढू नका. दुसरं जनुक घ्या.

६. चिप: खूण शोधायचा प्रयोग

हा प्रयोग तीन दिवसांचा आहे आणि दोन रात्री मध्ये येतात. वेळापत्रक लोकल बघून आखा. अँटिबॉडी घालण्याचं काम पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आटपलं पाहिजे, म्हणजे विरार किंवा बदलापूरला जाणाऱ्याला शेवटच्या गाडीमागे धावावं लागत नाही. धुण्याचा दुसरा दिवस रविवारी ठेवू नका, मेगाब्लॉक असला तर मणी रात्रभराऐवजी दीड दिवस फिरत बसतात. जुलैत मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर पेशी फिक्स करून, गोळी बनवून उणे ८० ला ठेवून द्या. या टप्प्यावर थांबलं तरी काही बिघडत नाही.

पहिली गोष्ट, फिक्सिंग, म्हणजे प्रथिनं डीएनएला जागच्या जागी जोडून ठेवणं. १ टक्का फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं, मग १२५ मिलिमोलर ग्लायसिन ५ मिनिटं. प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ते २०-२५ अंशांच्या खोलीतलं. मे महिन्यात एसी बंद असलेल्या आपल्या खोलीत पारा ३२-३३ वर असतो आणि तिथे त्याच १० मिनिटांत जास्त जोड बसतात. जास्त फिक्स झालेलं क्रोमॅटिन सोनिकेटरला दाद देत नाही आणि अँटिबॉडीला खूणही दिसत नाही. म्हणून २५ अंशांवर लावलेला इनक्युबेटर वापरा आणि तापमान वहीत लिहा.

दुसरी, लायसिस. १ टक्का एसडीएस असलेला बफर बर्फावर ठेवला की पांढरा साका धरतो. तो प्रथिनांचा गाळ समजून फेकू नका, ट्यूब क्षणभर हातात धरली की विरघळतो. पोटॅशियम असेल तर साका जास्त चिवट होतो, म्हणून आधीच्या धुण्यातला पीबीएस नीट काढून घ्या.

तिसरी, सोनिकेशन. २०० ते ५०० बेस-जोड्यांचे तुकडे हवेत. ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. टाकीतला बर्फ आपल्याकडे भराभर वितळतो, तो मध्येमध्ये बदला. फेस आला तर थांबा, फेसात ऊर्जा वाया जाते. किती फेऱ्या लागतात हे प्रत्येक पेशीप्रकाराला वेगळं ठरवावं लागतं. थोडा नमुना ६५ अंशांवर रात्रभर ठेवून जोड उलटवा, आरएनेझ आणि प्रोटिनेझ-के द्या आणि १.५ टक्के जेलवर पाहा. जोड न उलटवता जेलवर घातलेला नमुना तुकडे मोठे दाखवतो आणि माणूस उगाच सोनिकेशन वाढवत जातो.

चौथी, अँटिबॉडी. एच-३ च्या शेपटीत ९व्या आणि २७व्या लायसिनभोवती अमिनो आम्लांचा क्रम सारखाच आहे: ॲलानिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. त्यामुळे के-९ ची वाईट अँटिबॉडी के-२७ लाही धरते. कंपनीच्या माहितीपत्रकात दोन्ही पेप्टाइडवर केलेली चाचणी आहे का ते पाहा, आणि लॉट नंबर वहीत चिकटवा. लॉट बदलला की चाचणी पुन्हा.

क्रोमॅटिन अँटिबॉडीत घालण्याआधी त्यातलं १ टक्का बाजूला काढून ठेवा. हा तुमचा इनपुट. तो विसरलात तर पुढचे आकडे निरर्थक होतात. मग ४ अंशांवर रात्रभर फिरवणं, मणी, कमी मिठाचा, जास्त मिठाचा, लिथियम क्लोराइडचा अशी धुणी, काढणं, ६५ अंशांवर जोड उलटवणं, कॉलमने शुद्ध करणं. इथे प्रोटोकॉलप्रमाणे चाला.

हिशोब मात्र हाताने एकदा करून बघा. इनपुट १ टक्का होता, म्हणजे शंभरपट पातळ, म्हणून त्याच्या सीटीतून (क्यूपीसीआरमध्ये सिग्नल ठरलेली रेघ ओलांडतो ते चक्र) ६.६४ वजा करायचे. समजा इनपुटचा सीटी २७ आला. वजा करून २०.३६. के-२७ च्या ट्यूबचा सीटी २४.३६ असेल तर फरक ४, म्हणजे २ चा चौथा घात, सोळावा हिस्सा, इनपुटच्या ६.२५ टक्के. आयजीजीचा सीटी ३०.३६ असेल तर फरक १०, म्हणजे सुमारे ०.१ टक्का. ही खूण खरी आहे असं म्हणायला जागा आहे.

तरीही दोन तुलना बाकी असतात. एक, खुणेचा आकडा एकूण एच-३ च्या आकड्याने भागा, कारण घट्ट भागात न्यूक्लिओसोमच जास्त असू शकतात आणि मग कुठलीही हिस्टोन-अँटिबॉडी तिथे जास्त ओढून आणते. दुसरी, एक नक्की चालू असलेली जागा आणि एक नक्की झाकलेली जागा सोबत मोजा. चालूसाठी जीएपीडीएचचा प्रमोटर चालतो. के-२७ साठी ब्राउझरवर त्याच पेशीत झाकलेलं दिसणारं विकासाचं जनुक घ्या. के-९ साठी झिंक-फिंगर जनुकाचं शेवटचं टोक घ्या.

७. केंद्रकात जागा पाहणं

डॅपी या डीएनए-रंगाने रंगवलेल्या उंदराच्या पेशीत हेटेरोक्रोमॅटिनचे ठसठशीत उजळ ठिपके दिसतात. माणसाच्या पेशीत ते तसे दिसत नाहीत. उंदराचा फोटो डोळ्यांसमोर ठेवून हेला पेशीत ठिपके शोधत बसू नका.

जनुकाची जागा पाहायची तर डीएनए-फिश. हेला घेतलीत तर एका जनुकाचे दोनच ठिपके येतील असं समजू नका, त्या पेशीतल्या गुणसूत्रांची संख्या ४६ पेक्षा बरीच जास्त आहे. खरी अडचण मोजण्यात आहे. काचेला चिकटून वाढणाऱ्या पेशीचं केंद्रक चपटं असतं, म्हणून तळाच्या पडद्याला टेकलेलं जनुक वरून पाहिलं तर अगदी मधोमध दिसतं. कॉन्फोकलवर संपूर्ण झेड-थर घ्या, अंतर त्रिमितीत मोजा आणि केंद्रकाच्या त्रिज्येने भागा. उभ्या दिशेत सूक्ष्मदर्शकाची नजर आडव्या दिशेपेक्षा मंद असते, त्यामुळे फार बारीक फरकांवर दावा करू नका. फोटोंची नावं मैत्रिणीकडून झाकून घ्या, म्हणजे मोजताना कुठला नमुना कुठला हे तुम्हाला ठाऊक नसेल.

हाय-सी स्वतः करण्याचा मोह पहिल्या प्रोजेक्टमध्ये टाळा. खर्च मोठा आहे, आणि तुमच्या एका जनुकासाठी लागणारं रिझोल्यूशन मिळवायला सिक्वेन्सिंग प्रचंड लागतं. उपलब्ध नकाशे वापरा.

८. खूण काढून बघा

इथपर्यंत तुमच्याकडे फक्त साहचर्य आहे: जनुक बंद, खूण हजर, जागा कडेला. कशामुळे काय, हे अजून कळलेलं नाही. ही पायरी वेळेअभावी सर्वांत आधी कापली जाते. तसं होऊ देऊ नका. मला विचाराल तर फिश सोडा, पण ही ठेवा.

के-२७ साठी ईझेडएच-२ अडवणारं रसायन मिळतं. सापळा वेळेचा आहे. रसायन नवी खूण लागू देत नाही, पण जुन्या खुणा पुसतही नाही. त्या पेशी विभागत जातात तशा विरळ होतात. २४ तासांनी पाहून 'काही फरक नाही' असं लिहिलंत तर ते खरं असलं तरी निरुपयोगी आहे. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा दिवस असे नमुने घ्या, सोबत रसायन न घालता नुसत्या डीएमएसओ या द्रावकाचा कंट्रोल ठेवा, आणि दरवेळी वेस्टर्न ब्लॉटवर के-२७ आणि एकूण एच-३ बघा. खूण उतरल्याचा पुरावा असल्याशिवाय आरएनएचा आकडा वाचू नका. हिस्टोन डीॲसिटिलेज अडवणारी रसायनं काही तासांत परिणाम दाखवतात, पण ती एकाच वेळी असंख्य जनुकं हलवतात, त्यामुळे तुमच्या जनुकाबद्दल नेमकं काही सांगणं अवघड होतं.

खूण गेली आणि जनुक चालू झालं, तर ती खूण त्याला दाबून ठेवायला मदत करत होती. खूण गेली आणि जनुक बंदच राहिलं, तर निराश होऊ नका. त्या पेशीत जनुक चालू करणारा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच नसेल, किंवा डीएनए-मिथिलेशनने दुसरं कुलूप लावलेलं असेल. हा निकालही लिहिण्याजोगा आहे. केंद्रकाच्या रचनेबाबतही असंच घडलं: २०१७ साली पेशीतलं कोहेसिन हे फास धरून ठेवणारं प्रथिन-संकुल झटकन नाहीसं करून पाहिलं, तेव्हा क्रोमॅटिनचे फास जवळजवळ सगळे गेले, पण बहुतेक जनुकांच्या कामात फारसा फरक पडला नाही. रचना आणि दमन यांचं नातं जागेगणिक बदलतं, एका जनुकाचा निकाल दुसऱ्याला लावू नका.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक बहुतेक वेळा एकच विचारतात: आधी खूण लागली की आधी जनुक बंद पडलं? आठवी पायरी केली असेल तर सातव्या दिवसाचा आलेख पुढे करा. केली नसेल तर अहवालात 'खुणेमुळे जनुक बंद आहे' असं कुठेही लिहू नका, 'बंद जनुकावर ही खूण आढळली' एवढंच लिहा. परिशिष्टात सगळे कच्चे सीटी, अँटिबॉडीचा लॉट नंबर, जीनोमची आवृत्ती आणि फिक्सिंगचं तापमान द्या. तुमच्या जागी पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवात तिथूनच करता येईल.